उन्हाचा महिना, वणव्याचा महिना: सह्याद्रीच्या उतारावर घर आखताना

तीन वर्षांपूर्वी होळीच्या आदल्या दुपारी समोरच्या सोंडेवर लागलेला वणवा गावकऱ्यांनी ओल्या डहाळ्यांनी झोडपून आमच्या घरापासून सुमारे दीडशे मीटरवर विझवला. ज्वाळा घराजवळ आल्याच नाहीत. तरीही संध्याकाळी पडवीत आलो तेव्हा दाराबाहेरच्या काथ्याच्या पायपुसण्याला तळहाताएवढे भोक पडलेले होते, त्याची कड अजून धुमसत होती आणि दाराची लाकडी चौकट तिथून चार बोटांवर होती. वाऱ्यावर आलेली एखादी ठिणगी, फार तर करंगळीच्या पेराएवढी, तेवढे करून गेली होती.

वणव्यात घरे पेटतात ती बहुतेक अशीच पेटतात. अमेरिकेच्या वनसेवेतील संशोधक जॅक कोहेन यांनी घरे का पेटतात याचा अनेक वर्षे अभ्यास केला. कॅनडाच्या वायव्य भागातील जंगलात मुद्दाम लावलेल्या भडक्या आगींसमोर लाकडी भिंती उभ्या करून केलेल्या प्रयोगांत दहा मीटरवरच्या काही भिंती पेटल्या, वीस आणि तीस मीटरवरच्या पेटल्या नाहीत. ते जंगल सूचिपर्णी वृक्षांचे होते आणि आपल्याकडचा वणवा मुख्यतः वाळल्या गवताचा असतो, म्हणजे तो वेगाने येतो पण एका जागी फार वेळ टिकत नाही. म्हणून सह्याद्रीत घर आखताना ज्वाळेची भिंत अडवण्याचा विचार दुय्यम ठरतो. ठिणगी कुठे शिरेल, कुठे टेकेल आणि तिथे तिला काय खायला मिळेल, हा विचार आधी करावा लागतो.

दुसरी गोष्ट ऋतूची आहे. आपल्याकडे गवत दिवाळीनंतर पिवळे पडू लागते, जानेवारीपासून वणवे लागतात, मार्च-एप्रिलमध्ये ते शिगेला पोहोचतात आणि वळवाचा पाऊस पडेपर्यंत धोका राहतो. घर तापण्याचा काळही हाच, आणि दिवसातली वेळही बरीचशी तीच, दुपारी बारा ते पाच. त्यामुळे दुपारी बंद राहणारे आणि रात्री उघडणारे घर उन्हालाही तोंड देते आणि ठिणग्यांनाही. जिथे या दोन गरजा एकमेकींच्या आड येतात, उदाहरणार्थ खोल वळचण, छपराखालची हवा किंवा भिंतीवरचा वेल, तिथेच आखणीची खरी परीक्षा असते. पुढचे टप्पे त्या क्रमाने दिले आहेत ज्या क्रमाने निर्णय घ्यावे लागतात. पहिले दोन चुकले तर नंतरचे फारसे उपयोगी पडत नाहीत.

पहिला टप्पा: जागा दोनदा पाहणे

डोंगरउतारावरची जागा एकदा मार्चमध्ये आणि एकदा जुलैत पाहिल्याशिवाय घेऊ नये. दलाल बहुधा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, सोनकी फुललेली असताना, जागा दाखवतात. त्या हिरवाईत ना वणव्याची वाट दिसते ना पाण्याची.

मार्चच्या भेटीत उताराच्या खालच्या बाजूला उभे राहून वर पाहावे. आग चढणीवर धावते, कारण ज्वाळा पुढच्या गवताकडे झुकलेली असते आणि ते पेटण्यापूर्वीच तापून सुकलेले असते. ऑस्ट्रेलियात वणव्यांचे संशोधक मॅकआर्थर यांच्या काळापासून वापरात असलेला ढोबळ नियम असा आहे की उतार दर दहा अंशांनी वाढला की चढत्या आगीचा वेग दुप्पट होतो; म्हणजे वीस अंशांच्या चढणीवर ती सपाटीच्या चौपट वेगाने येते. येथे एक गल्लत नेहमी होते. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीनुसार १:५ पेक्षा तीव्र उतारावर बांधकाम करता येत नाही. १:५ म्हणजे पाच मीटर आडवे गेल्यावर एक मीटर चढ, सुमारे अकरा अंश. त्यामुळे आपली जागा सौम्य उताराची असते आणि मालक निर्धास्त होतो. पण त्या जागेच्या कडेखाली तीस अंशांचा गवताळ उतार असेल तर आग त्याच उताराच्या वेगाने आपल्या अंगणात येणार असते. उतार मोजायला गवंड्याकडची पाण्याची नळी आणि एक टेप पुरतो, मात्र तो जागेच्या हद्दीबाहेरही शंभर मीटर खालपर्यंत मोजावा.

घळ, नाळ आणि दोन टेकड्यांमधली खिंड या तीन जागा टाळाव्यात. घळीत धुराड्यासारखा ओढा निर्माण होतो आणि आग तिच्यातून वर फेकली जाते; पावसाळ्यात त्याच घळीतून पाणी, माती आणि दगड खाली येतात. कड्याच्या अगदी टोकावर, दरीचे पूर्ण दृश्य मिळेल अशा ठिकाणी घर ठेवण्याचा मोह प्रत्येकाला होतो. तिथून पंधरा-वीस मीटर मागे सरकले तरी दृश्य फारसे कमी होत नाही, पण चढून आलेली ज्वाळा कडेवर उभी राहते तेव्हा तिच्या आणि भिंतीच्या मध्ये अंतर मिळते.

जुलैच्या भेटीत पायाखाली पाहावे. जमिनीवर उताराला आडव्या भेगा, तळाशी वाकून वर सरळ झालेली झाडे, अचानक फुटलेले झरे, कलंडलेले कुंपणाचे खांब दिसले तर ती जागा सोडून द्यावी. ३० जुलै २०१४ रोजी माळीण आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री इरशाळवाडी दरडीखाली गेली. या दोन्ही गोष्टी आपल्याच डोंगरांत, आपल्याच पावसात घडल्या आहेत. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे दरडप्रवणतेचे नकाशे उपलब्ध आहेत, ते पाहावेत आणि भूतंत्रज्ञाकडून मातीची तपासणी करून घ्यावी. महाबळेश्वर-पाचगणी आणि माथेरान ही क्षेत्रे पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झालेली असल्याने तिथले नियम आणखी कडक आहेत. सातबारा आणि हद्दीबरोबर जवळच्या वनखात्याच्या जमिनीची सीमाही मोजून घ्यावी, कारण वणवा बहुधा तिकडून येतो किंवा तिकडे जातो.

दुसरा टप्पा: घर उतारावर बसवणे

खांबांवर उभे केलेले घर छायाचित्रात फार छान दिसते. वणव्याच्या दृष्टीने ते उलटे ठेवलेल्या भांड्यासारखे असते, कारण चढून आलेली गरम हवा आणि ठिणग्या तळाखाली साचतात, आणि पुढे त्या जागेत सरपण, जुने फर्निचर, सिमेंटच्या रिकाम्या गोण्या जमतातच. भूकंपाच्या दृष्टीनेही असमान उंचीचे खांब धोक्याचे असतात, कारण डोंगराच्या बाजूचे आखूड खांब ताठ असल्याने धक्क्याचा बहुतेक भार त्यांच्यावर येतो. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप याच रांगांमध्ये झाला होता.

त्याऐवजी घर समोच्च रेषेला (उतारावर एकाच उंचीने जाणाऱ्या रेषेला) समांतर, लांबट आणि दोन किंवा तीन पायऱ्यांच्या जोत्यांवर बसवावे. प्रत्येक जोते एक ते दीड मीटर उंचीच्या दगडी भिंतीने धरले म्हणजे एकच मोठा कापा घ्यावा लागत नाही. कापलेली माती उताराच्या कडेला ढकलून तयार केलेल्या भरावावर घराचा कोणताही भार ठेवू नये. भरावावर अंगण चालते, भिंत चालत नाही.

डोंगराच्या बाजूची मागची भिंत अर्धी जमिनीत गेली तर उन्हाळ्यात तिचा मोठा फायदा होतो. दोन-तीन मीटर खोलीवर मातीचे तापमान वर्षभर फारसे हलत नाही आणि त्या गावाच्या वार्षिक सरासरीच्या आसपास राहते. बाहेर अडतीस अंश असताना त्या भिंतीला टेकलेली खोली पंख्यावर भागते. कोठार, न्हाणीघर आणि दुपारी बसायची खोली तिथे ठेवावी. मात्र ही भिंत सह्याद्रीतल्या पावसात कोरडी ठेवणे हे स्वतंत्र काम आहे. भिंतीला बाहेरून जलरोधक थर, त्यामागे हातभर रुंदीचा खडीचा पट्टा, त्याच्या तळाशी छिद्रांची निचरा-नळी, आणि घराच्या वर तीन-चार मीटरवर उताराला आडवा दगडी चर, असे चारही केल्याशिवाय मातीत भिंत घालू नये. आमच्याकडे ठेकेदाराने खडीच्या जागी कापलेलीच माती परत भरली होती आणि पहिल्याच श्रावणात न्हाणीघराच्या भिंतीतून पाणी झिरपू लागले. ती भिंत बाहेरून पुन्हा खणून काढावी लागली. खडी भरताना स्वतः उभे राहावे.

तिसरा टप्पा: सूर्याचा हिशेब

पुण्याच्या आसपास अक्षांश साडेअठरा धरला तर २१ डिसेंबरला भर दुपारी सूर्य दक्षिणेकडे क्षितिजापासून ४८ अंशांवर असतो, २१ मार्चला साडेएकाहत्तर अंशांवर, आणि मेच्या मध्यास बरोबर डोक्यावर येतो. यावरून दक्षिणेच्या खिडकीवरील छज्जा काढता येतो. खिडकी १२० सेंटिमीटर उंच असेल आणि तिच्या वरच्या कडेलगत ४५ सेंटिमीटरचा छज्जा असेल, तर २१ मार्चच्या दुपारी त्याची सावली सुमारे १३४ सेंटिमीटर खाली येते, म्हणजे पूर्ण खिडकी झाकली जाते. डिसेंबरात हीच सावली फक्त ५० सेंटिमीटर पडते आणि उरलेल्या ७० सेंटिमीटरमधून कोवळे ऊन आत येते, जे डोंगरावरच्या थंडीत हवेच असते. इतका स्वस्त आणि वीज न खाणारा उपाय दुसरा नाही, तरी छज्जा किती ठेवायचा हे आपल्याकडे अजूनही शटरिंगच्या फळीच्या मापावर ठरते.

पश्चिमेला छज्जा उपयोगाचा नाही, कारण तिथे सूर्य खालून येतो. आणि सह्याद्रीची गंमत अशी की दरी, सूर्यास्त, उन्हाळी दुपारचा वारा आणि त्या वाऱ्यावरचा वणवा या चारही गोष्टी पुष्कळदा पश्चिमेलाच असतात. त्या बाजूला सलग काचेची भिंत घेण्यापेक्षा दोन-तीन उभट, खोल खिडक्या घ्याव्यात आणि त्यांना बाहेरून बंद होणारी पत्र्याची किंवा ॲल्युमिनियमची झडप बसवावी. मार्चच्या दुपारी बारापासून सूर्य कलेपर्यंत ती झडप तशीही लावलेली असते. वणवा आलाच तर काचेसमोर ढाल आधीच उभी असते.

चौथा टप्पा: छप्पर

छपराला मी सर्वांत जास्त वेळ देईन, कारण घरात येणारी उष्णता सर्वाधिक तिथून येते आणि ठिणग्याही सर्वाधिक तिथेच पडतात.

जुन्या पद्धतीचे वासे, रिपा आणि मंगलोरी कौले यांचे छप्पर हवेला मोकळे आणि म्हणून सुखद असते. कौल स्वतः जळत नाही. दुबळी जागा कौलांच्या खाली असते: वळचणीशी पहिल्या ओळीच्या तोंडाला राहिलेली अर्धगोल पोकळी, आढ्याच्या कोन्याखालची फट, सरकलेली कौले. त्या पोकळ्यांत चिमण्यांची आणि उंदरांची घरटी असतात, वाऱ्याने आत ढकललेला पाचोळा असतो, आणि लगेच खाली वाळलेली सागवानी रिप असते. शाकारणीच्या वेळी आमच्या जुन्या पडवीवरची एक ओळ काढली तेव्हा दोन हात लांबीत ओंजळभर गवताची घरटी निघाली होती. एवढे इंधन ठिणगीला पुरेसे असते.

नवे घर बांधताना उतरता काँक्रीट स्लॅब घालून त्यावर कौले बसवणे हा मला सर्वांत व्यवहार्य मार्ग वाटतो. कौलांखाली लाकडी रिपांऐवजी जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पट्ट्या घ्याव्यात, म्हणजे कौल आणि स्लॅब यांच्यात दोन-अडीच इंचांची हवेची पोकळी राहते. ही पोकळी सिमेंटने बुजवून टाकली तर ठिणगी अडते, पण तापलेली हवाही अडकते आणि अर्धा फायदा जातो. म्हणून वळचणीच्या तोंडाला आणि आढ्याखाली गंजरोधक पोलादाची बारीक जाळी बसवावी. ऑस्ट्रेलियाच्या वणवा-प्रवण भागांसाठीच्या बांधकाम मानकात जाळीचे भोक दोन मिलिमीटरपेक्षा मोठे चालत नाही. कॅलिफोर्नियाच्या नियमांत ते साधारण दीड ते तीन मिलिमीटर आहे. दोन मिलिमीटर धरून चालावे. जाळीने वारा काहीसा कमी होतो, त्यामुळे तोंडाची पट्टी पूर्ण लांबीभर मोकळी ठेवावी, मधेमधे नव्हे.

उघड्या स्लॅबमधून उष्णता फार वेगाने आत येते. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या २०१८ च्या इको निवास संहितेत छपराचा उष्णतावहनांक, म्हणजे त्यातून किती उष्णता आरपार जाते याचे माप, प्रति चौरस मीटर, प्रति अंश १.२ वॅटपेक्षा जास्त नसावा असे म्हटले आहे. नुसत्या स्लॅबचा तो साडेतीनच्या जवळपास असतो. स्लॅबच्या खालून ५० मिलिमीटर जाडीचा रॉकवूल आणि त्याखाली जिप्सम किंवा सिमेंट फायबर बोर्ड बसवले, तर कौले आणि पोकळी धरून तो ०.६ च्या आसपास येतो. येथे थर्माकोल किंवा पीव्हीसीची फॉल्स सीलिंग वापरू नये. ती स्वस्त पडते आणि उष्णताही अडवते, पण पेटली की वितळून थेंबाथेंबाने खाली गळते आणि विषारी धूर सोडते. रॉकवूल म्हणजे वितळवलेल्या दगडाचेच तंतू असल्याने ते जळत नाहीत. फक्त ते भिजू देऊ नयेत, म्हणूनच ते कौलांखाली न ठेवता स्लॅबच्या आतल्या बाजूला घ्यायचे.

छपराचा आकार साधा असावा. दोन पाखे, मधे आढे, बस. जिथे दोन पाखे आतल्या कोनात मिळतात त्या खाचेत पावसाळ्यात गळती आणि उन्हाळ्यात पाचोळा ठरलेला असतो. वळचण पावसासाठी किमान ७५ सेंटिमीटर हवीच, नाही तर भिंती भिजतात. पण खालून उघडी ठेवलेली वळचण भिंतीवरून चढणारी गरम हवा पकडून ठेवते, म्हणून ती खालून सिमेंट बोर्डाने सपाट बंद करावी. पन्हळ प्लास्टिकची नको. ती ॲल्युमिनियमची किंवा पत्र्याची, आकड्यांवर अडकवलेली असावी, आणि दिवाळीनंतर खाली काढून ठेवता यावी. आपल्याकडे पाऊस चार-पाच महिनेच पडत असल्याने उरलेले सात महिने पन्हळ फक्त पाचोळा साठवते. ती काढून ठेवणे शिडीवर चढून दर आठवड्याला साफ करण्यापेक्षा कितीतरी सोपे आहे.

पाचवा टप्पा: भिंती, खिडक्या आणि भोके

भिंतींबाबत आपण नशीबवान आहोत, कारण काळा दगड, जांभा, वीट, सिमेंटचा ब्लॉक यांपैकी काहीच जळत नाही. उष्णतेच्या बाबतीत मात्र त्यांच्यात फरक आहे. प्लॅस्टर केलेल्या नऊ इंची विटेच्या भिंतीचा वहनांक दोनच्या आसपास असतो, आठ इंची एएसी ब्लॉकचा (आत हवेचे बारीक बुडबुडे असलेल्या हलक्या सिमेंट ब्लॉकचा) पाऊणच्या आसपास. जोत्यापासून खिडकीच्या तळापर्यंत काळ्या दगडाचे बांधकाम आणि त्यावर एएसी ब्लॉक, अशी मिश्र भिंत मला पसंत आहे: खाली, जिथे पाऊस उडतो आणि गवत पेटते, तिथे दगड, वर, जिथे ऊन लागते, तिथे हलका आणि उष्णतारोधक ब्लॉक. एएसी पाणी शोषतो, म्हणून तो जमिनीलगत नको. बाहेरून लाकडी फळ्यांचे आवरण लावू नये, मग ते कितीही शोभिवंत असो.

आगीत भिंतीपेक्षा काच आधी हार मानते. साधी काच मध्यभागी तापते, चौकटीत दडलेली तिची कड थंड राहते आणि त्या फरकाने तिला तडा जातो. काच पडली की ठिणग्यांना घरात मोकळी वाट मिळते. दरीच्या बाजूला तरी टफन केलेली काच घ्यावी. दुहेरी घेतल्यास थंडी-ऊन दोन्ही अडते, पण पैसे कमी असतील तर झडपा आधी, दुहेरी काच नंतर. यूपीव्हीसीच्या, म्हणजे कडक प्लास्टिकच्या, चौकटी उष्णतेने नरम पडतात. ॲल्युमिनियम किंवा लोखंड बरे.

डासांसाठी आपण जाळ्या लावतोच. त्या नायलॉनच्या किंवा फायबरच्या असतात आणि ठिणगीने त्यांना तत्काळ भोक पडते. त्याच जाळ्या स्टेनलेस स्टीलच्या घेतल्या तर थोडासा खर्च वाढतो आणि रात्री खिडक्या उघड्या ठेवून झोपण्याचे धाडस येते, जे उन्हाळ्यात घर थंड करण्यासाठी आवश्यक आहे. दगडी भिंती दिवसभर शोषलेली उष्णता रात्रीच्या डोंगरी वाऱ्यात सोडून देतात. त्यासाठी खालच्या बाजूला एक खिडकी आणि वरच्या जोत्यावर, छताजवळ, एक झरोका असावा, म्हणजे वारा नसतानाही हवा वर चढत राहते. न्हाणीघराचा पंखा, स्वयंपाकघराची चिमणी, एसीच्या नळीचे भिंतीतले भोक या सगळ्यांना जाळी किंवा सिमेंट हवे. घर पुरे झाल्यावर एका संध्याकाळी आतले दिवे लावून बाहेरून फेरी मारावी आणि जिथे जिथे उजेडाची रेघ दिसेल तिथे खडूने खूण करावी. आम्हांला पहिल्या फेरीत एकोणीस खुणा मिळाल्या होत्या.

लाकडी डेकबद्दल एकच वाक्य पुरे: त्याऐवजी दगडी फरशीची ओटी बांधा.

सहावा टप्पा: अंगण आणि त्यापलीकडे

हा भाग बांधकामाच्या अंदाजपत्रकात नसतो आणि म्हणून राहून जातो. माझ्या मते भिंतीलगतचा दीड मीटर हा घराचा सर्वांत महत्त्वाचा दीड मीटर आहे. तिथे जळण्यासारखे काहीही नको: झाडे नाहीत, वेल नाही, सुकलेली हिरवळ नाही, पायपुसणे नाही. दगडी फरशी किंवा फिकट रंगाची खडी असावी. पागोळ्या तिथेच पडत असल्याने पावसाळ्यात तीच पट्टी भिंतीचे चिखलापासून रक्षण करते. काळी फरशी उन्हात तापून भिंतीवर उष्णता फेकते, म्हणून फिकट रंग. तुळशीवृंदावन या पट्टीच्या बाहेरच्या कडेला खुशाल ठेवावे. भिंतीवर मधुमालती किंवा बोगनवेल चढवून पश्चिमेचे ऊन अडवायची कल्पना मात्र सोडावी लागते, कारण वेलाखाली वाळक्या काड्यांचे जाळे तयार होते. हवाच असेल तर लोखंडी मांडवावर, भिंतीपासून तीन-चार मीटर दूर.

दीड ते दहा मीटरच्या पट्ट्यात ओलावा ठेवायचा. मोरीचे आणि स्वयंपाकघराचे पाणी खेळवून तिथे अळू, कर्दळ, केळी लावता येतात. केळीची वाळलेली पाने मात्र वेळच्या वेळी कापावी लागतात. गवत वीतभरापेक्षा कमी ठेवावे. सरपण, गोवऱ्या, पेंढा आणि कडब्याची गंज यांना या पट्ट्यात जागा नाही. त्यांची जागा घरापासून किमान तीस मीटरवर, उताराच्या खाली नव्हे तर बाजूला.

दहा ते तीस मीटरमध्ये झाडे ठेवायची, पण त्यांचे शेंडे एकमेकांना भिडू द्यायचे नाहीत आणि जमिनीपासून दोन मीटरपर्यंतच्या फांद्या छाटायच्या. घाणेरी आणि रानमोडी काढून टाकावी, कारण ती गवतातली आग झाडाच्या शेंड्यापर्यंत नेणारी शिडी आहे. जांभूळ, अंजनी, आंबा, फणस ही सदाहरित झाडे चालतात. निलगिरी, सुकलेले बांबूचे बेट आणि मार्चमध्ये पानगळीचा जाड थर टाकणारी गिरिपुष्पाची रांग घराच्या खालच्या बाजूला नको. हद्दीवर घायपात किंवा निवडुंगाचे जुने कुंपण असेल तर ते तोडू नये. त्याची मांसल पाने सहज पेटत नाहीत, फक्त मधले वाळलेले गवत काढावे.

खालच्या उताराकडे ही तीस मीटरची मर्यादा शक्य तेवढी वाढवावी. पण येथेच सगळ्यात महागडी चूक होते: आगीच्या भीतीने लोक जेसीबी लावून अख्खा उतार खरवडून काढतात. मुळे गेली की पहिल्या जोरदार पावसात ती माती खाली येते. गवत कापायचे असते, उपटायचे नसते. कार्तिक-मार्गशीर्षात वस्तीवरच्या गुरे असणाऱ्या लोकांना ते कापून न्यायला सांगितले तर त्यांना चारा मिळतो, आपल्याला मोकळा उतार मिळतो आणि शेजार जोडला जातो, जो वणव्याच्या दिवशी कोणत्याही उपकरणापेक्षा जास्त कामाला येतो. हद्दीलगत तीन-चार मीटर रुंदीची जाळरेषा, म्हणजे आग अडावी म्हणून गवत काढून मोकळी केलेली पट्टी, डिसेंबरअखेर तयार असावी. ती जाळून काढायची असेल तर वनरक्षक, ग्रामपंचायत आणि शेजारी यांना कळवून, सकाळी, वारा पडलेला असताना, पाणी आणि माणसे हाताशी ठेवूनच. भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार आपल्या निष्काळजीपणाने राखीव जंगलाला लागलेली आग हा गुन्हा आहे.

सातवा टप्पा: पाणी आणि वीज

वणव्यात वीज आधी जाते आणि पंप बंद पडतो. उतारावरच्या घराला याचे उत्तर उतारच देतो: घरापेक्षा दहा मीटर उंचीवर टाकी असेल तर नळाला सुमारे एक बार दाब विजेशिवाय मिळतो. ही टाकी प्लास्टिकची नको, ती उष्णतेने वितळते. फेरोसिमेंटची किंवा दगडी बांधावी. घरच्या वापराची नळी टाकीच्या तळापासून वर, मधल्या उंचीवर जोडावी, म्हणजे खालचे १०,००० लिटर पाणी आगीसाठी आपोआप राखीव राहते. मिनिटाला ५० लिटर वापरले तरी ते तीन तासांहून अधिक पुरते. नळ्या हातभर जमिनीत पुराव्यात आणि घराच्या चारही कोपऱ्यांना पितळी तोटी द्यावी. शंभर चौरस मीटरच्या छपरावर अडीच हजार मिलिमीटर पावसातून, वीस टक्के वाया गेले असे धरूनही, दोन लाख लिटर पाणी मिळते. त्यातले थोडे जरी मार्चपर्यंत टिकवले तरी टँकरची वाट पाहावी लागत नाही.

घर वर सांगितल्याप्रमाणे आखले असेल तर एसीची गरज एखाद्या खोलीपुरती उरते आणि तीन किलोवॅटची सौर यंत्रणा बहुतेक कुटुंबांना पुरते. ती वर्षाच्या सरासरीने दिवसाला बारा युनिटांच्या आसपास वीज देते. पीएम सूर्यघर योजनेत तेवढ्या क्षमतेला ७८,००० रुपये अनुदान जाहीर झालेले आहे. कौलांवर पॅनेल बसवताना त्यांच्या कडांना तीच दोन मिलिमीटरची जाळी लावावी, कारण पॅनेलखालची सावली पक्ष्यांना आणि पाचोळ्याला फार आवडते. केवळ ग्रिडला जोडलेली यंत्रणा वीज गेली की बंद होते, हे अनेकांना बसवल्यानंतर कळते. निदान पंप, दोन दिवे आणि इंटरनेट चालेल एवढी बॅटरी घ्यावी. विजेची तार शेवटच्या खांबापासून जमिनीखालून आणावी.

वणव्याच्या दिवशी

भारतीय वन सर्वेक्षण उपग्रहांवरून मिळालेल्या आगीच्या सूचना मोबाइलवर पाठवते. त्यासाठी नोंदणी करून ठेवावी. वनखात्याचा १९२६ आणि अग्निशमनाचा १०१ हे क्रमांक दाराच्या आत लिहिलेले असावेत. रस्ता टँकर वळू शकेल इतका रुंद आणि फांद्यांपासून मोकळा ठेवावा, आणि गाडी सदैव बाहेरच्या दिशेने तोंड करून लावावी.

धूर दिसला की आधी फोन, मग झडपा बंद, गॅसचा सिलिंडर बंद, पडवीतल्या गाद्या, चटया आणि पायपुसणे आत, वळचणीखालची फरशी ओली. मुले आणि म्हातारी माणसे तेव्हाच गावात पाठवावीत, ज्वाळा दिसेपर्यंत थांबू नये. कोणीही चढणीकडे पळू नये. वणवा पुढे सरकल्यावर लोक बसून चहा घेतात. खरी पाहणी तेव्हा सुरू करायची असते. विजेरी आणि पाण्याचा फवारणी-पंप घेऊन निदान रात्रभर, दर अर्ध्या तासाने, आढे, पॅनेलखालची जागा, पायऱ्यांचे कोपरे, गंजीची जागा आणि कुंपणाचे लाकडी खांब पाहावेत. आमच्या सोंडेवर त्या वर्षी विझलेला एक खांब रात्री दोन वाजता पुन्हा पेटला होता.